न पिणाऱ्याचें यकृत

परभणीसारख्या जिल्ह्याच्या गांवीं हल्लीं एक प्रसंग वारंवार घडूं लागला आहे. घरांतील कर्ता पुरुष पन्नाशीच्या घरांतला. गळ्यांत तुळशीची माळ. घराण्यांत कोणीं मद्याला स्पर्श केल्याचें ऐकिवांत नाहीं. मधुमेहाची शंका आली म्हणून तो दवाखान्यांत जातो, पोटाची सोनोग्राफी होते, आणि यकृतांत मेद सांचला असल्याचें कागदावर लिहून येतें. कागद घरीं पोंचतो न पोंचतो तोंच कुजबुज सुरू होते. यकृत बिघडलें म्हणजे मनुष्य चोरून पीत असला पाहिजे, असा समज समाजांत फार दिवसांचा आहे. बिचारा माळकरी शपथा घेऊन सांगतो. ऐकणारे मान डोलवितात, पण त्यांचा विश्वास बसत नाहीं. ह्या निरपराध माणसावर हा आळ कसा आला, ह्याचा शोध घेऊं लागलें म्हणजे वैद्यकाच्या आणि त्याबरोबरच स्वयंपाकघराच्या इतिहासाचीं पुष्कळ पानें उलटावीं लागतात.

'काळीज' म्हटलें कीं आजच्या मराठी माणसाच्या मनांत हृदय येतें; परंतु जुन्या कोशांत त्या शब्दाचा यकृत असाहि अर्थ सांपडतो. सुमारें दीड किलो वजनाचा हा अवयव उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला असून, घरांतल्या कोठीचें काम तो शरीरांत करतो. जेवणानंतर रक्तांत आलेली साखर इन्शुलिनच्या हुकमानें तो सांठवितो, आणि उपासाच्या वेळीं ती परत काढून देतो. पित्त तयार करणें, रक्तांतील विषारी द्रव्यांची विल्हेवाट लावणें, हीं कामेंहि त्याच्याच वांट्यास आलेलीं आहेत. निरोगी यकृतांत मेद अगदीं थोडा असतो. शेंकडा पांचांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब दिसूं लागले म्हणजे कोठींत नको तें सामान भरूं लागलें, असें वैद्यकशास्त्र मानतें.

नवलाची गोष्ट अशी कीं, हा विकार माणसांत ओळखला जाण्यापूर्वीं कित्येक शतकें माणसानें तो पक्ष्यांत मुद्दाम निर्माण केला होता. इजिप्त देशांतील सक्कारा येथील सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या थडग्यांच्या भिंतींवर हंसजातीय पक्ष्यांच्या चोंचींत बळेंच चारा कोंबणारे नोकर कोरलेले आहेत. पुढें रोमन लोक त्याच पक्ष्यांना अंजीर खाऊं घालून त्यांचें यकृत फुगवीत आणि तें आवडीनें खात. इटालियन भाषेंत यकृताला जो शब्द आहे, तो लॅटिन भाषेंतील अंजिराच्या शब्दावरूनच आलेला आहे. पक्षी दारू पीत नव्हते. त्यांना गोड आणि पिष्टमय अन्न गरजेपेक्षां अधिक मिळत होतें, इतकेंच. हा धडा उघडा पडलेला असूनहि माणसाच्या बाबतींत तो उमगावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं ह्या विकाराचें आजच्या अर्थानें वर्णन केलें होतें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. यकृताच्या वाढीनें होणारा उदररोग त्यांना ठाऊक होता. परंतु पेशींतील मेद पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें, आणि तें त्यांच्याजवळ नव्हतें. तथापि ज्या जीवनक्रमांतून हा विकार उपजतो, तो जीवनक्रम त्यांनीं अचूक हेरला होता. चरकसंहितेंत अतिस्थूल माणसाची गणना आठ निंदित देहांत केलेली आहे, आणि अतिपोषणानें होणाऱ्या रोगांना एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचें व झोपेचें सुख, दहीं, नवें धान्य, गुळाचे पदार्थ हीं चरकानें एकत्र गोंविलीं आहेत. स्थूल माणसास जव, सांवा, कोद्रा, मूग, कुळीथ असें रूक्ष अन्न त्यानें सांगितलें. सुश्रुताचा उपाय तर अधिकच कडक आहे. निर्धन प्रमेही माणसानें पायांत जोडा न घालतां, डोक्यावर छत्री न धरतां, शंभर योजनें किंवा त्याहूनहि अधिक चालत जावें, असें त्यानें सांगून ठेविलें आहे. पंढरीची पायीं वारी करणाऱ्या मराठी माणसाला हा उपाय फारसा परका वाटूं नये.

युरोपांत ह्या विषयाची नोंद घेतली गेली ती इ. स. १८३६ सालीं. लंडन येथील गाय्‌ज इस्पितळांतील थॉमस ॲडिसन ह्या वैद्यानें यकृताच्या मेदमय विकृतीविषयीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. मद्यप्यांच्या यकृतांत ही विकृति ठळकपणें दिसत असल्यामुळें मद्य आणि यकृत ह्यांचें नातें पक्कें झालें, आणि माळकऱ्यावरील आळाचें मूळ तेथें रुजलें. पुढें इ. स. १९५२ मध्यें अमेरिकेंत झेलमन ह्या डॉक्टरानें वीस लठ्ठ पुरुषांचीं यकृतें तपासलीं. ह्या शोधाकडे त्याचें लक्ष वेधलें तें इस्पितळांतील एका नोकरामुळें. तो नोकर रोज वीसहून अधिक बाटल्या गोड कोला-पेय पीत असे. मद्यावांचूनहि यकृत बिघडतें, हें येथें दिसून आलें. पण त्या काळीं त्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं.

इ. स. १९८० मध्यें मात्र पारडें फिरलें. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील लुडविग आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं वीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या रोग्यांचीं यकृतें सूक्ष्मदर्शकाखालीं हुबेहूब मद्यप्यांच्या यकृतांसारखीं दिसत. परंतु रोगी पिणारे नव्हते. त्यांतील बहुतेक स्थूल होते, आणि पुष्कळांना मधुमेहासारखे विकार होते. डॉक्टरानें पिण्याविषयीं खोदून खोदून विचारावें आणि रोग्यानें नाहीं म्हणत राहावें, असे अवघड संवाद त्यापूर्वीं किती झाले असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी. लुडविगनें ह्या रोगास जें नांव दिलें त्याचा अर्थ 'मद्याविना होणारा मेदयुक्त यकृतदाह' असा होता. कांहीं वर्षांनीं, इ. स. १९८६ मध्यें, विकाराच्या सर्व पायऱ्यांना मिळून 'मद्येतर मेदयकृत-विकार' असें नांव रूढ होऊं लागलें.

नांव मिळालें, पण तें मोठें विचित्र होतें. रोग कशानें होत नाहीं तेवढेंच तें सांगत होतें. कशानें होतो, त्याविषयीं तें मुकें होतें. शिवाय नाकारण्यासाठीं कां होईना, मद्याचा उल्लेख त्यांत राहिलाच. त्याचा उलगडा होण्यास इ. स. १९८८ सालीं एक मोठी दिशा मिळाली. गेराल्ड रीव्हन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, वाढलेला रक्तदाब, रक्तांतील साखर आणि रक्तांतील मेद हे विकार एकाच माणसांत जोडीनें राहतात, आणि त्यांच्या मुळाशीं इन्शुलिनचा हुकूम न जुमानणें ही एकच गोष्ट असते. पुढें मेदयुक्त यकृताला ह्याच कुटुंबांत जागा मिळाली. अखेर जून २०२३ मध्यें जगांतील यकृततज्ज्ञांच्या संस्थांनीं जुनें नांव टाकून देऊन चयापचयाच्या दोषाचा निर्देश करणारें नवें नांव स्वीकारलें. जुन्या नांवानें रोग्याची मानहानि होते, हेंहि त्या बदलाचें एक कारण होतें. माळकऱ्याच्या शपथेवर शास्त्रानें येणेंप्रमाणें मोहोर उमटविली.

हा मेद येतो कोठून? तेलतूप खाल्लें म्हणजे तें थेट यकृतांत जाऊन बसतें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु इ. स. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका सुप्रसिद्ध मोजणींत निराळेंच आढळलें. अशा रोग्यांच्या यकृतांतील मेदापैकीं शेंकडा ५९ भाग शरीरांतील, विशेषतः पोटावरील, चरबीच्या सांठ्यांतून सुटून आलेला होता. शेंकडा २६ भाग यकृतानें स्वतः साखर-पिठापासून घडविला होता. आणि आहारांतील मेदापासून आलेला भाग शेंकडा १५ च होता. पोटाचा घेर आणि गोडाचा हव्यास हे दोन चोर येथें पकडले जातात. बहुसंख्य रोग्यांत हा मेद कांहींच त्रास देत नाहीं, आणि त्यामुळेंच तो फसवा आहे. कांहींच्या यकृतांत दाह सुरू होतो. दाहाच्या जागीं व्रणासारखे तंतू उत्पन्न होतात. ते वाढत गेले म्हणजे यकृत आक्रसतें, जलोदर होतो, क्वचित् कर्करोगहि होतो. तथापि ह्या रोग्यांना मृत्यु गांठतो तो बहुधा हृदयविकाराच्या वाटेनें. एका घरांतील भाऊ वेगवेगळ्या दारांनीं बाहेर पडावेत, तसे हे रोग आहेत.

यकृताचा रोग स्वयंपाकघरांतून येतो, हा अनुभव महाराष्ट्राला पूर्वीं एकदां येऊन गेलेला आहे. त्याची आठवण येथें अगत्याची आहे. तान्ह्या व दोनतीन वर्षांच्या बालकांना होणारा एक भयंकर यकृतरोग हिंदुस्थानांत फार दिवस ठाण मांडून होता. कलकत्त्यास इ. स. १८८७ मध्यें त्याचें वर्णन झालें होतें. मुलाचें पोट वाढे, कावीळ होई, आणि बहुधा मूल दगावे. पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळांतील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. टॅनर ह्यांनीं इ. स. १९८० नंतरच्या दशकांत ह्या रोगाचा माग काढला. अशा मुलांच्या यकृतांत तांब्याचा प्रचंड सांठा आढळे. घरोघरीं चौकशी करतां असें निघालें कीं, वरचें दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांत तापविलें व ठेविलें जात होतें, आणि तें बाळाला फार लवकर सुरू केलें जात होतें. मातेच्या हातून प्रेमानें दिलेलें दूधच विष होत होतें. भांडें बदला, एवढाच उपदेश झाला. स्टीलचीं भांडीं घरोघर आलीं. आणि पुण्याच्या परिसरांत हा रोग बघतां बघतां नाहींसा झाल्यासारखा झाला. रोग्यास दोष न देतां घराची रीति बदलली, तर एक सबंध रोग मागें हटतो, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आपल्या प्रांतांत दुसरें क्वचितच सांपडेल.

त्याच पुणें शहरांतून आणि त्याच इस्पितळांतून दुसरा एक शोध निघाला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास इ. स. १९९३ मध्यें आरंभिला. त्या खेड्यांतील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो होतें. मराठी बाळ दंडानें, पोटानें, लांबीनें लहान होतें. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी उणी नव्हती. कृश दिसणाऱ्या देहांत चरबी लपलेली! इ. स. २००४ मध्यें याज्ञिक ह्यांनीं आपलें स्वतःचें व इंग्रज मित्र युडकिन ह्यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापून हीच गोष्ट जगाला दाखविली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन तंतोतंत सारखें. परंतु युडकिन ह्यांच्या देहांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक ह्यांच्या देहांत शेंकडा २१.२. म्हणूनच लठ्ठ न दिसणाऱ्या मराठी माणसाच्याहि यकृतांत मेद सांपडतो. तराजूपेक्षां कमरेची फीत येथें अधिक खरें बोलते. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीच्या कमरेचा ८० सेंटिमीटरच्या पुढें गेला म्हणजे सावध व्हावें, असा दंडक ह्यामुळेंच ठरला.

ह्या कृश बालकांचें मूळ आईच्या पोषणांत आहे. पालेभाज्या, फळें आणि दूध ज्या मातांच्या आहारांत अधिक होतें, त्यांचीं बाळें अधिक वजनाचीं निघालीं. गरोदरपणीं ज्यांना कष्टाचीं कामें अधिक करावीं लागलीं, त्यांचीं बाळें लहान राहिलीं. हॉलंड देशांत इ. स. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत दुष्काळ पडला असतां जीं मुलें मातांच्या उदरांत होतीं, त्यांच्यांत उतारवयांत साखर पचविण्याची शक्ति कमी झालेली आढळली. टंचाईंत घडलेला देह काटकसरीचें वळण घेऊन जन्मास येतो. पुढें सुबत्ता आली कीं तें वळणच त्याला नडतें.

आतां ह्या प्रकाशांत परभणीचा इतिहास पाहावा. गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या कांठची ही काळी भूमि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती, इ. स. १९५६ मध्यें ती मुंबई राज्यांत आली, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. ह्याच जिल्ह्यांतील गंगाखेड हें संत जनाबाईचें गांव. जनीच्या जात्याला विठ्ठल हात लावी, ही कथा मराठी मुलखांत कोणाला ठाऊक नाहीं? त्या कथेंत भक्ति आहे, आणि त्याबरोबर बायकांच्या श्रमाचा पुरावाहि आहे. पहांटे जात्यावर ज्वारी दळावयाची, आडाचें पाणी शेंदावयाचें, दिवसभर शेतांत राबावयाचें. पुरुषांनीं मोट हांकावयाची, खळें तुडवावयाचें, बाजाराला कोसकोस चालत जावयाचें. खाण्यास ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरण किंवा पिठलें, आणि घाण्याचें करडईचें तेल. भाकरींत कांहीं जादू होती, असें समजूं नये. भाकरी मिळवितांना देह जेवढा झिजे, तेवढेंच ती भाकरी भरून काढी. सांठवावयास शिल्लक उरत नसे.

ह्या जुन्या दिवसांचें कौतुकहि बेतानेंच करावें. हिंवतापानें पांथरी वाढलेलीं पोटें, कावीळ, नारू, अल्पायुष्य आणि वारंवारचा दुष्काळ हीं त्याच जीवनाचीं दुसरीं अंगें होतीं. जातें ओढणाऱ्या बाईला विचारलें असतें, तर तिनें पिठाच्या गिरणीला दोन्ही हातांनीं आशीर्वाद दिला असता. आणि तो योग्यच ठरला असता.

इ. स. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या आठवणींत कायमचा कोरलेला आहे. लोक खडी फोडावयास गेले, सुकडीवर मुलें जगलीं, आणि परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी नाइलाजानें खाल्ली गेली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं १८ मे १९७२ रोजीं परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली. त्याआधीं इ. स. १९६४ मध्यें ज्वारीचें पहिलें संकरित वाण देशांत आलें होतें, आणि 'हायब्रीड' हा शब्द खेड्यापाड्यांत पोंचला होता. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याचें पाणी परभणीच्या शिवारापर्यंत आलें, ऊंस वाढला, शिधापत्रिकेवर गहूं-तांदूळ मिळूं लागला. इ. स. १९९० नंतर खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीननें घेतली. करडईचा घाणा थंडावला, आणि पिंपांतून व पिशव्यांतून दुसरीं तेलें आलीं. मोट गेली व विजेचा पंप आला. पायवाट गेली व फटफटी आली. खळें गेलें व मळणी यंत्र आलें. उपास मात्र साबुदाण्याचा व बटाट्याचा राहिला, आणि पाहुण्याला गोड चहा दिवसांतून पांच वेळां देण्याची रीत वाढली.

ह्यांपैकीं एकेक बदल सुखाचा होता. कोणींहि कोणाचें वाईट चिंतिलें नव्हतें. पितळी पातेल्यांत बाळासाठीं दूध तापविणाऱ्या आईप्रमाणेंच, मुलाच्या ताटांत भाकरीऐवजीं पोळी आणि वर साखर वाढणारी आईहि प्रेमच वाढीत होती. पण टंचाईंत घडलेल्या देहांवर ही सुबत्ता एका पिढीच्या आंत येऊन कोसळली, आणि कोठींत नको तें सामान भरूं लागलें.

परिणाम आज सर्व देशभर दिसतो. इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांत मधुमेही सुमारें १० कोटी १० लक्ष, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले सुमारें १३ कोटी ६० लक्ष आहेत. मेदयुक्त यकृताचें प्रमाण सामान्य लोकांत शेंकडा ९ ते ३२ असल्याचें सरकारी निवेदनांत सांगितलें आहे. २२ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारत सरकारनें ह्या विकाराचा समावेश मधुमेह, कर्करोग व हृद्रोग ह्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत केला. त्यामुळें खेड्यांतील आशा कार्यकर्तीची कमर मोजण्याची फीत हें यकृतरक्षणाचें पहिलें साधन ठरलें. ह्या विकाराच्या वाढलेल्या अवस्थेवरील पहिलें औषध अमेरिकेंत मार्च २०२४ मध्यें मान्य झालें. परंतु औषधापूर्वींचा उपाय अजूनहि तोच आहे. वजन शेंकडा ५ उतरलें तर यकृतांतील मेद कमी होतो. शेंकडा ७ ते १० उतरलें तर दाहहि निवतो. त्याहून अधिक उतरलें तर व्रणाचे तंतूसुद्धां मागें हटूं शकतात. यकृतासारखा क्षमाशील अवयव शरीरांत दुसरा नाहीं. मात्र क्षमेलाहि मर्यादा असते, म्हणून वेळेवर तपासणी करून घेणें, आणि जाहिरातींतल्या काढ्यांऐवजीं जाणत्या डॉक्टराचा सल्ला मानणें, हें शहाणपणाचें होय.

मागें फिरून जात्याकडे जावें, असा ह्या इतिहासाचा अर्थ नाहीं. गिरणी राहो, पंप राहो, बाईच्या हाताला मिळालेली विश्रांतीहि राहो. परंतु जे श्रम यंत्रांनीं हिरावून घेतले, त्यांतले थोडे आपखुशीनें परत घ्यावे लागतील. आणि ताटांतील साखर, मैदा, तळण ह्यांना आवर घालावा लागेल. परभणीच्याच विद्यापीठानें इ. स. २०१८ मध्यें लोह व जस्त अधिक असलेलें 'परभणी शक्ति' हें ज्वारीचें वाण पुढें आणलें. ज्या भूमीनें भाकरी सोडली, त्याच भूमींत ती अधिक सकस होऊन परत येऊं शकते. गरोदर सुनेच्या ताटांत पालेभाजी व दूध आधीं वाढलें, तर पुढच्या पिढीचें यकृत आजच राखलें जाईल.

राहिला तो माळकरी. त्याच्या हातांतील कागद हा त्याच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. त्याच्या आजीच्या दुष्काळाचा, त्याच्या आईच्या मायेचा आणि त्याच्या स्वतःच्या बैठकीचा तो एकत्रित जमाखर्च आहे. कुजबुज करणाऱ्यांनीं तो नीट वाचावा. कारण त्यांच्याहि घरांत तोच हिशेब चालू असण्याचा संभव पुष्कळ आहे. पितळी पातेलें ज्या समाजानें शहाणपणानें फळीवरून खालीं उतरविलें, त्या समाजाला कमरेचा घेर उतरविणें अशक्य आहे, असें इतिहास तरी म्हणत नाहीं.